दुपारी चढणारा सूर

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे कीबोर्ड दुरुस्त करून मिळतील’ असं लिहिलेलं आहे. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी कॉम्प्युटरचा कीबोर्ड काखेत मारून येतो. मी सांगते, दादा, हे दुकान वाजणाऱ्या कीबोर्डचं आहे. परवा एकानं माझ्यासमोरच त्याच्यावर बोटं आपटली आणि म्हणाला, “ह्यो बी वाजतोय की, खडखड.” मी तोही दुरुस्त करून दिला. काय करणार?

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दिवसभर कानात मागाचा खटखटाट, असं माझं बालपण. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ म्हणून झाली. तिथं एक गोष्ट हाडात मुरली: दोन टोकांच्या मधे कुठंतरी गडबड आहे, ती शोधायची. आमचे पाटणकर साहेब म्हणायचे, “लाईन आधी अर्ध्यात तोडून बघ. दोष डावीकडं की उजवीकडं, एवढंच विचार. मग उरलेली पुन्हा अर्ध्यात तोड.” निवृत्त झाल्यावर शेजारच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा कीबोर्ड याच पद्धतीनं मी सहज म्हणून दुरुस्त केला. त्यानं बोभाटा केला, आणि माझं दुकान झालं.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. एक वादक दर कार्यक्रमाआधी कीबोर्डच्या फटीत उदबत्ती खोचायचा. त्याचं यंत्र उघडलं की निम्मा वेळ राख काढण्यात जायचा. एका बॅण्डमास्तरच्या कीबोर्डमध्ये झुरळांनी संसार मांडला होता. श्रावण होता. ते हात जोडून म्हणाले, “ताई, मारू नका, नुसतं बाहेर काढा.” मी चिमट्यानं एकेक झुरळ उचलून गॅलरीतनं खाली सोडलं. खालच्या दुकानदाराशी दोन दिवस बोलणं बंद होतं.

पण सगळ्यांत आठवणारं गिऱ्हाईक म्हणजे मैंदर्गीचे वीरभद्र अण्णा. गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. अजूनही कुणाला सांगायला लागले की माझा आवाज वाढतो आणि घरचे म्हणतात, हळू.

सोमवारी सकाळी दुकान उघडत होते तेवढ्यात साठीच्या पुढचे एक गृहस्थ एसटी स्टँडवरून रिक्षानं आले. खांद्यावर चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं.

“ताई, पेटी आणलीया,” ते म्हणाले.

गाठोडं सोडलं. त्यातून एक जुना लॅपटॉप निघाला, दोन हात लांबीचा पट्ट्यांचा कीबोर्ड निघाला, शिलाई मशीनचा पायानं दाबायचा पेडल निघाला आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा निघाला. डब्याला मागून वायरी, पुढून स्पीकर.

“पेटी कुठंय?” मी विचारलं.

“हीच की.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. अण्णांचा धंदा मोटार वाइंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. त्यांच्या पत्नी महानंदा अक्का गावातल्या बायकांच्या वचन मंडळात पेटी वाजवायच्या. वचनं म्हणजे लिंगायत संतांची कानडी पदं, मंडळ जुनं, आणि पेटी पहिल्यापासून अक्कांचीच. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात तर पहिल्यापासून ठीक होता. डावा हात मात्र लुळाच राहिला. आणि पेटीला दोन हात लागतात. एक पट्ट्यांवर, एक भात्यावर.

“हिच्या जाऊबाईनं भाता मारून बघितला,” अण्णा म्हणाले. “न्हाय जमलं. वारा एकीचा, गाणं दुसरीचं. हिनं पेटी माळ्यावर ठिवाया लावली. तवापास्नं घरात आवाजच न्हाय, ताई. भांडण सुदिक करंना.”

म्हणून अण्णांनी हे उभं केलं होतं. मोटार गुंडाळणाऱ्या माणसानं रोज थोडं थोडं, व्हिडिओ बघून, वर्षभर शिकत. अक्कांचा उजवा हात कीबोर्डवर, उजवा पाय पेडलवर. पट्टीतून सूर, पायातून हवा. दोन्हीची खबर लॅपटॉपमध्ये जायची, तिथं एकत्र व्हायची आणि एका केबलनं पत्र्याच्या डब्याकडं जायची. डब्यात एक चिप होती आणि पेटीचा आवाज ती काढायची. हा आवाज अण्णांनी माळ्यावरची पेटी खाली काढून, एकेक सूर ऐकून, त्याच्यासारखा घडवला होता.

“लॅपटॉपमध्येच पेटीचा आवाज मिळतो की तयार,” मी म्हणाले.

“ऐकवला हिला. म्हणली, ही कुणाची पेटी? माजी न्हाय.”

मी डबा जवळ ओढला.

आता अडचण काय, तर सूर अडकत होते. पट्टी सोडली तरी आवाज थांबायचा नाही, आणि कधी कधी दाबलेली पट्टी वाजायचीच नाही. शुक्रवारी बसव जयंती. दुपारी चार वाजता मठाच्या अंगणात मंडळाचं गायन. अक्का वाजवणार म्हणून बायकांनी गावभर सांगून ठेवलं होतं. अक्का स्वतः मात्र अजून हो म्हणाल्या नव्हत्या. “डबा बरा झाला तर बघू,” एवढंच म्हणाल्या होत्या.

मी खुर्ची पुढं ओढली. असं काम समोर आलं की मला चहासुद्धा आठवत नाही.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार थोडा समजावून सांगते. यंत्रं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला मिडी म्हणतात. केबलमधून आवाज जात नाही, नुसती खबर जाते. प्रत्येक खबरेत तीन आकडे. काय करायचं, कोणती पट्टी, किती जोरात. आवाज काढायचा तो पलीकडच्यानं. अण्णांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. ते फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि माझ्यासारखीला त्याचं मोठं सुख हे, की त्यात काही झाकलेलं नसतं. एक आज्ञा दिली की कोणतं यंत्र कुणाला जोडलंय ते दिसतं. दुसरी दिली की जाणारी प्रत्येक खबर पडद्यावर ओळीनं उतरते.

मी पट्टी दाबली. पडद्यावर ओळ आली, दाबली. सोडली. ओळ आली, सोडली. म्हणजे लॅपटॉप खरं बोलत होता. मग साहेबांची पद्धत, लाईन अर्ध्यात तोडली. डबा बाजूला ठेवला. या केबलला खबर जायचं आणि यायचं अशी दोन तोंडं असतात, त्यातलं जाणारं येणाऱ्यात घातलं. जे पाठवलं तेच परत आलं पाहिजे. आलं, एकही आकडा चुकला नाही. म्हणजे केबलही निर्दोष.

“मग माजा डबाच वाईट,” अण्णा म्हणाले.

“थांबा,” मी म्हणाले. “सूर नेमका कधी अडकतो?”

“मी वाजवतो तवा कमी. ही वाजवती तवा जास्त. ही म्हणती, पाय एका जागी ठिवला की अडकतंय.”

हे मला फार मोलाचं वाटलं. पाय आणि पट्टी यांचा संबंध काय? मी माझा जुना ऑसिलोस्कोप काढला. तारेतले ठोके हे यंत्र रेघेसारखे डोळ्यांना दाखवतं. केबलच्या तोंडावर लावला आणि पेडलला हात न लावता पट्टी दाबली. तीन आकडे गेले. पट्टी सोडली. दोनच गेले.

मी पुन्हा दाबली. पुन्हा दोनच.

“अण्णा, सापडलं,” मी म्हणाले.

मिडीत एक सवलत आहे. सारखा तोच हुकूम द्यायचा असेल तर पहिला आकडा दरवेळी पाठवला नाही तरी चालतो. पंगतीत आपण म्हणतो, “भात वाढ.” मग नुसतं, “आमटी. चटणी. पापड.” वाढ हा शब्द पुन्हा म्हणत नाही, वाढणाऱ्याला तो कळतो. अण्णांची केबल, म्हणजे तिच्या मधल्या डबीतलं छोटं यंत्र, ही सवलत वापरत होती. त्यांचा कीबोर्ड पट्टी सोडल्याची खबरही ‘पट्टी दाबली, जोर शून्य’ अशीच देतो, म्हणून हुकूम तोच राहायचा. डब्यातला प्रोग्राम मात्र दरवेळी ‘वाढ’ ऐकायची वाट बघत बसायचा आणि आमटी सांडायची. पाय हलला की मधे पेडलचा वेगळा हुकूम जायचा आणि त्यानंतर पट्टीचा हुकूम पुन्हा पूर्ण यायचा. म्हणून हलत्या पायानं काम भागत होतं. आणि केबल स्वतःचंच बोलणं स्वतः ऐकताना गाळलेला शब्द मनात धरून घेत होती. त्यामुळं मघाच्या तपासणीत ती साळसूद दिसली.

अण्णांनी तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या: नवा हुकूम आला नाही तर मागचाच धर. चिपमध्ये भरलं आणि पाय स्थिर ठेवून सरगम वाजवली. एकही सूर अडकला नाही. मी टाळ्या वाजवल्या. समोरचा पानवाला काय झालं म्हणून बघायला आला. अण्णा दुपारच्या आधीच्या गाडीनं गेले. त्या दिवशी मी घरी जाऊन मोठ्या दिमाखात जेवले.

मंगळवारी दुपारी दोनला अण्णांचा फोन आला. “ताई, परत बिगाडलं. आता निराळंच. दाबतोय सा, वाजतोय भलताच. मधीच गप बसतंय.”

इथं माझ्या हातून जे झालं त्याची मला आजही लाज वाटते. मी दुकानात दुसरं यंत्र उघडून बसले होते, आणि कालच्या विजयाची धुंदी उतरली नव्हती. न बघता म्हणाले, “एखाद्या सांध्याचा डाग सुटला असेल, अण्णा. सगळे सांधे पुन्हा तापवून घ्या.”

अण्णांनी ते ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “बरं.”

ज्या माणसाचं आयुष्य तारांचे सांधे करण्यात गेलं त्याला मी फोनवर सांगितलं की तुमचा सांधा कच्चा आहे. ते एका शब्दानंही उलटून बोलले नाहीत. दुपारभर बसून डब्यातला प्रत्येक सांधा त्यांनी उकलला आणि पुन्हा केला. संध्याकाळी लावलं तर उत्तम चाललं. त्यांना वाटलं, खरंच आपली चूक होती. बुधवारी सकाळी अक्का थोडा वेळ वाजवायलाही बसल्या. आणि दुपारी दीडला डबा पुन्हा बरळायला लागला. अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “ही म्हणती, राहू द्या. मंडळाला न्हाय म्हणून सांगती.”

“अक्कांना सांगा, उद्यापर्यंत काही सांगू नका,” मी म्हणाले. “मी येते.”

गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघाले आणि अक्कलकोटला गाडी बदलून अकराच्या सुमाराला मैंदर्गीत पोचले. घर साधं, पुढची खोली पत्र्याची. तिथंच अण्णांचं दुकान, आणि कोपऱ्यात टेबलावर डबा. महानंदा अक्का पलंगावर बसल्या होत्या. ठसठशीत बाई, कपाळाला विभूती, डावा हात मांडीवर ठेवलेला.

“ह्याच का त्या ताई?” त्यांनी अण्णांना विचारलं, आणि मग मला, “जेवल्यात काय?”

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय त्यांनी मला डब्याला हात लावू दिला नाही. तोवर डबा शहाण्यासारखा चालत होता. अक्कांनी थोडं वाजवून दाखवलं. मला संगीतातलं कळतं ते दुरुस्तीपुरतं. तरी बोट पट्टीवर ठेवण्याच्या त्या पद्धतीवरून कळत होतं की या बाईंना वाजवू न देणं हा अन्याय आहे.

मी डब्याचं झाकण उघडून सांधे बघितले. एकसारखे, गोल, चकचकीत. इतकी स्वच्छ कामं मी एक्स्चेंजमध्येही फार बघितली नाहीत. माझा चेहरा उतरला असणार.

“अण्णा, मी परवा न बघता बोलले. चुकलं माझं.”

“मी बी लोकांच्या मोटारी न बगता बोललोय की, ताई,” ते म्हणाले. “आता बगा.”

एक वाजून गेला. पत्रा तापला, पंखा गरम वारा फेकायला लागला. आणि सव्वाच्या सुमाराला अक्कांनी सा दाबला तर डबा भलत्याच पट्टीवर किंचाळला. मग गप्प. मग दोन सूर एकदम. मला मनातून आनंदच झाला. दोष डोळ्यांसमोर घडतो यापेक्षा तंत्रज्ञाला आणखी काय हवं?

केबलच्या तोंडावर ऑसिलोस्कोप लावला. ठोके स्वच्छ, आकडे पूर्ण. लॅपटॉप आणि केबल बरोबर. म्हणजे बोलणारा नीट बोलत होता, ऐकणारा चुकीचं ऐकत होता. दुपारीच का? मला वाटलं, दुपारी शेतातले पंप चालू होतात, विजेचा दाब पडत असेल. डबा पॉवर बँकेवर लावला. तरी तेच. विजेचा दोष नव्हता. मी दोन्ही हात डोक्याला लावून बसले.

तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “सूर बी चढलाय.”

“अगं, ह्यो आकड्याचा हिशेब हाय,” अण्णा म्हणाले. “ह्यात सूर चढत न्हाय अन् उतरत न्हाय.”

“मला इचारू नगा मग. चढलाय म्हंजे चढलाय.”

“कधीपासून वाटतंय अक्का?” मी विचारलं.

“रोजच की. सकाळी बरोबर असतोय. ऊन वर आलं की चढतोय. ह्यांना सांगितलं तर म्हणत्यात, तुझ्या कानाला उन्हाळा लागलाय.”

मी ताडकन उभी राहिले. कारण हे खरं असेल तर सगळं एका जागी येत होतं.

“अण्णा, माळ्यावरची पेटी काढा,” मी म्हणाले.

पेटी पलंगावर ठेवली. तिच्यावरची धूळ अक्कांनी पदरानं पुसली. डब्याच्या बाजूला अण्णांनी तपासणीचं एक बटण ठेवलं होतं. ते दाबलं की लॅपटॉपशिवाय नुसता सा वाजायचा. अण्णांनी भाता मारला, अक्कांनी पेटीचा सा धरला, मी बटण दाबलं. दोन सूर जवळजवळ सारखे असले आणि अगदी एक नसले की त्यांच्यात लाट उठते, घुंऽव घुंऽव अशी. ती खोलीभर ऐकू आली. अण्णांचा हात भात्यावर थांबला. त्यांनी अक्कांकडं बघितलं. अक्कांनी नुसती मान डोलावली.

प्रकार असा होता. मिडीत सेकंदाला एकतीस हजार दोनशे पन्नास ठोके असतात. पाठवणारा त्या ठोक्यावर बोलतो आणि ऐकणारा स्वतःच्या घड्याळावर ते मोजतो. ठोका दाखवणारी वेगळी तार नसते. एक आकडा दहा ठोक्यांचा. ऐकणाऱ्याचं घड्याळ जरा पुढं पळालं तर पहिले ठोके बरोबर पडतात, शेवटचे चुकतात आणि आकडा बदलतो. अण्णांनी चिपच्या पोटातलंच घड्याळ वापरलं होतं. ते मुळात थोडं पुढं होतं, सकाळी कसंबसं निभावत होतं, आणि पत्र्याच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात तापलं की आणखी पळायचं. त्याच घड्याळावर चिप आवाजही काढायची. घड्याळ पळालं की सूर चढायचा आणि डब्याचा कान बिघडायचा, दोन्ही एकदम. माझा ऑसिलोस्कोप तारेवर होता. घड्याळ चिपच्या पोटात होतं. तिथवर फक्त अक्कांचा कान पोचला.

“खात्री करू,” मी म्हणाले. “माठातलं पाणी आणा, आणि एक प्लॅस्टिकची पिशवी.”

पिशवीत गार पाणी भरून, तोंड घट्ट बांधून चिपवर टेकवली. अण्णा पुन्हा भाता मारायला लागले, अक्कांनी सा धरला, मी बटण दाबून ठेवलं. घुंव, घुंव, घुंव. मग जरा लांबली. आणखी लांबली. अण्णा श्वास धरून होते, भात्याचा हात मात्र चालू. लाट इतकी लांबली की पुढची येते की नाही असं वाटलं, आणि आलीच नाही. दोन सूर एक झाले. पेटी कुठली आणि डबा कुठला, कळेना.

“नोड्री,” अक्का म्हणाल्या. म्हणजे कानडीत ‘बघा’, एवढंच.

मी लॅपटॉपची केबल लावली. अक्कांनी सरगम वाजवली. एकेक सूर जागच्या जागी. पिशवी उचलली, दहा मिनिटांत डबा पुन्हा बरळला. पिशवी ठेवली, शहाणा झाला. आम्ही हे तीनदा केलं. दोनदा तपासणीसाठी, तिसऱ्यांदा नुसतं मजा म्हणून. जाऊबाई आल्या, शेजारच्या दोघी आल्या. पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे घामानं भिजून एका पाण्याच्या पिशवीकडं बघत उभे होतो.

आता इलाज. चिपला बाहेरून क्रिस्टल लावायचा. ती एक लहानशी चकचकीत डबी असते आणि उन्हातही ठोका सोडत नाही. पण माझ्याजवळ नव्हता आणि सोलापूरला जाऊन यायला दिवस गेला असता. आम्ही अण्णांच्या दुकानातलं भंगार उलटंपालटं केलं. शेवटी अक्कांनीच एक बंद पडलेला पेनड्राइव्ह दिला. त्यात मंडळाची गाणी होती, पण वर्षभर तो चालतच नव्हता. अण्णांनी तो फोडला. आत तांदळाहून थोडा मोठा क्रिस्टल, वर बाराचा आकडा, म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके. मी मनात हिशेब केला. बारा चालतो, त्याला मिडीच्या ठोक्यानं पूर्ण भाग जातो. अण्णांनी त्याच्या जोडीला लागणारे दोन चिमुकले कपॅसिटर शोधून काढले आणि दम रोखून सांधे केले.

अजून एक अवघड पायरी होती. चिपला सांगावं लागतं की पोटातलं घड्याळ सोड, बाहेरचं बघ. हे सांगताना एक आकडा चुकला तर ती कायमची गप्प होऊ शकते, आणि दुसरी चिप आमच्याकडं नव्हती. अण्णांनी आकडे टाइप केले, मी मोठ्यानं वाचले. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मी तिसऱ्यांदा वाचले. मग त्यांनी एन्टर दाबलं.

डबा गप्प.

त्या दोन-तीन क्षणांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मग अण्णांनी कपाळावर हात मारला. स्पीकरची वायर काढलेली होती. ती लावली, बटण दाबलं आणि सा वाजला. घड्याळ बदलल्यामुळं तो भलत्याच उंचीवर होता, पण वाजला. जाऊबाईंनी डोळे पुसले. अक्का हसत होत्या.

मग दिवेलागणीपर्यंत सूर लावणं चाललं. प्रोग्राममधले सुरांचे सगळे आकडे आधी एका प्रमाणात बदलले, आणि मग अक्का एकेक पट्टी दाबून सांगत गेल्या. “जरा उतरवा. अजून थोडं. हां. नगा आता हात लावू.” मी त्यांच्याकडं मुक्काम केला.

शुक्रवारी चार वाजता मठाच्या अंगणात मांडव भट्टीसारखा तापला होता. डबा टेबलावर, लॅपटॉप त्याच्या मागं, अक्का खुर्चीवर, उजवा पाय पेडलवर. मी आणि अण्णा बाजूच्या खांबापाशी. मंडळातल्या बायका एकमेकींना खुणा करत होत्या. अक्कांनी सा धरला. मी नकळत पदर मुठीत धरला होता. पहिलं वचन झालं. दुसरं झालं. सूर चढला नाही, अडकला नाही. तिसऱ्याला बायका इतक्या मोकळ्या झाल्या की लय वाढली आणि अक्कांच्या बोटांनी ती सहज पेलली. त्यांच्या पायाकडं बघताना मला भाता दिसायला लागला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या. डब्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. दुरुस्तीचं काम करणारीला याहून मोठी शाबासकी नसते.

शेवटच्या वचनाचा शेवटचा शब्द संपला. अक्कांनी पेडलवरून पाय उचलला. आणि सूर थांबला नाही.

एवढं सगळं निभावून शेवटच्या क्षणी अडकलाच शेवटी. मी लॅपटॉपकडं जाणार, तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला. सूर हळूहळू खाली येत होता. आधी जोर गेला, मग नुसता श्वास उरला, किंचित कापरा, आणि मग तोही मांडवाच्या त्या शांततेत विरला. अक्का डोळे मिटून बसल्या होत्या, मान थोडी कललेली. विरून गेल्यावरसुद्धा त्या त्याच्याकडं कान देऊन होत्या.

“बिगाड न्हाय त्यो, ताई,” अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. “माळ्यावरच्या पेटीचा भाता असाच सुटतोय. सकाळी तुमी आंघोळीला गेल्या तवा घातलं मी.”

कार्यक्रमाच्या दिवशी चालत्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, हे मी आयुष्यभर लोकांना बजावत आले. अण्णांना चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं. समोर अक्कांनी डोळे उघडले, अण्णांकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

अण्णांनी आधी अक्कांकडं बघून मान डोलावली. मग म्हणाले, “माजी पेटी हाय म्हणली.”